दुपारचा पोंगा

आमच्या गावात दुपारी झोपायची सोय नव्हती. जेवणं उरकली, ढोरं सावलीला बसली, म्हातारी माणसं भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटायला लागली, की हिवराच्या झाडाखालून पोंगा सुरू व्हायचा. एकच सूर, लांबच लांब. त्यात गाणं नाही, ठेका नाही, काही नाही. आणि तो वाजला की गावातली झाडून सारी तान्ही लेकरं भोकाड पसरायची. या घरातून एक, त्या घरातून दुसरं, असं करत सारा मोहल्ला रडायला लागायचा. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बापानं मला वेड्यांच्या गावात दिलं.

पोंगा वाजवणारा माणूस आमच्या घरामागंच राहायचा. पोलिसपाटलाच्या कागदावर त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण सारे पोंगेबाबाच म्हणायचे. उमेदीत ते अकोल्याच्या एका बँड पार्टीत पितळी बाजा वाजवत. तोच बाजा आणि पार्टीचा लाल कोट, एवढंच घेऊन ते गावाला परतले; वाजवताना कोट अंगात असायचाच. जन्मभर फुंकून फुंकून त्यांच्या गालांची कातडी सैल पडली होती. बोलताना ती हलायची आणि पोरं तोंडावर पदर धरून हसणाऱ्या आयांकडे बघून आणखी हसायची. तिखटाला ते हात लावत नसत, ओठ जळतात म्हणून. वऱ्हाडात राहून मिरची न खाणारा माणूस! माझी सासू म्हणायची, "जो ठेचा नाई खात थो मानूस कायचा, बाप्पा?"

त्यांना शांततेचा भारी राग. कोणत्या घरातून आवाज आला नाही की दारात उभं राहून विचारायचे, "कोनी जित्तं हाये का घरात?" हाच त्यांचा रामराम आणि हाच जयभीम. विहारात सारे डोळे मिटून बसले की हे मधेच मोठ्यानं खाकरायचे. एकदा वंदना घेणाऱ्या गुरुजींनी चिडून विचारलं, तर म्हणाले, "सारेच गप झाले नं, मले भेव वाटलं."

कुणाच्या घरी बारसं असलं की बोलवा, न बोलवा, पोंगेबाबा हजर. जेवायला नाही. लेकरू मांडीवर घ्यायचे आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याच्या टाचेला चिमटा काढायचे. लेकरू कळवळून रडायचं. हे मान तिरकी करून ऐकायचे, लग्नात मोठे लोक सनई ऐकतात तसे, आणि मग परत द्यायचे. "बस. सूर ध्यानात राह्यला." माझ्या पोरीच्या बारशालाही असंच केलं. मी आत जाऊन रागानं भांडी आपटली. ते बाहेरून म्हणाले, "पोरीचा सूर वरचा हाये, सूनबाई. भांडकुदळ होइन." झाली की! आज तिच्या सासरचे लोक सांगतात.

आता हे सारं कशासाठी, ते सांगते. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो, आणि दिवाळीनंतर कापूस फुटला की गावात बाईमाणूस राहायचं नाही. पहाटे वेचणीला जायचं, दिवेलागणीला परत यायचं. तान्हं लेकरू शेतात न्यावं तर तिथं ऊन, विंचूकाटा, आणि पाजायला बसलं की मुकादम वरडतो. घरी ठेवावं तर ते भुकेनं रडून म्हातारीचा जीव खातं. म्हणून अफू. गावात एक परमिटवाला म्हातारा होता, त्याला सरकारकडून अफू मिळायची. ओंजळभर कापूस नेऊन दिला की तो काळी गोळी बोटाच्या नखावर काढून द्यायचा. त्यातली तिळाएवढी दुधात कालवून लेकराच्या जिभेवर लावली की ते दिवसभर निजतं. साऱ्याच द्यायच्या. माझ्या आईनं मला दिली, तिच्या आईनं तिला. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. कधी एखादं लेकरू उठायचंच नाही. मग लोक म्हणायचे, नजर लागली, छातीत डबा झाला, नशीब.

पोंगेबाबा तसं म्हणत नसत. जे लेकरू पोंग्यानं रडतं त्याला फक्त झोप लागलेली असते. जे पोंग्यानंही रडत नाही, त्याच्या घराकडं ते पळत सुटायचे. पूर्ण वाजवून झालं की झाडाखाली डोळे मिटून उभे राहायचे आणि ऐकायचे. कोणतं रडणं आलं, कोणतं आलं नाही, हे त्यांना बारशापासून पाठ.

हे मला कसं कळलं? भांडणातून. माझी पोर नुकती झोपली होती आणि यांनी पोंगा वाजवला. मी डोक्यावरचा पदर न सावरता त्यांच्या अंगणात गेले. सासऱ्याच्या वयाच्या माणसाशी सून अशी बोलत नाही, पण मी बोलले. "बाबा, तुमाले लेकरं नाई, म्हून दुसऱ्याच्या लेकराईचा हा छळ मांडला काय?" ते बाजा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बस."

मग त्यांनी सांगितलं. पार्टी एका लग्नाला गेली होती, कारंजाकडं. ढोलवाल्याची बायको सोबत होती, कडेवर तान्हं. बाज्यानं लेकरू दचकू नये म्हणून तिनं जराशी जास्त अफू लावली आणि ढोलाच्या रिकाम्या पेटीत गोधडी टाकून त्याला निजवलं. वरात निघाली. पेटी हातगाडीवर, आणि हे हातगाडीच्या बाजूनं चालत वाजवत होते.

"चार पितळी बाजे, एक ढोल, झांजा," ते म्हणाले. "माह्या बाज्याचं तोंड त्याच्यापासून हातभर. आन् आमी सारे म्हनून राह्यलो होतो, केवढं गुनी लेकरू हाये, एवढ्या आवाजात बी उठत नाई. सारी वरात त्याले गुनी म्हनत होती, सूनबाई."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी आले आणि पोरीला उगाच उठवून मांडीवर घेतलं.

गावानं त्यांना काही सुखानं वाजवू दिलं नाही. आधी आमचेच लोक उठले. धम्म घेतला तेव्हा आपण दुसऱ्यांच्या दारात वाजवणं सोडलं, आता हा पुन्हा बाजा घेऊन काहून फिरतो? पोंगेबाबा म्हणाले, "मी कोनाच्या वरातीत वाजवून राह्यलो काय? याची बिदागी नाई, याचा मालक नाई. गानं बी वाजवत नाई म्या." मग पाटलाकडून तक्रार आली, त्यांच्या आईची दुपारची झोप मोडते म्हणून. पंचायतीत बोलावलं. हे लाल कोट घालून गेले, बटनं चिंचेनं घासून. सरपंचांनी सांगितलं, आजपासून बंद. ते लगेच म्हणाले, "बंद. पन मंग तुमी पंचाईनं रोज दुपारी घरोघर जाऊन एकेक लेकरू हालवून पाहाचं. जे हालन थे वाचन." त्या उन्हात कोण जातो? पोंगा चालू राहिला. पाटलाच्या आईनं दुपारची झोप सकाळी घ्यायला सुरुवात केली.

बायांनी विचारलं, "बाबा, मंग देऊच नाई काय अफू?" मला वाटलं, आता ते शपथा घालतील. ते म्हणाले, "नका देऊ म्हनलं तं चोरून द्यान. चोरून देल्लेलं मले कसं कयन?" त्यांना कुणाला चोर करायचं नव्हतं. त्यांना लेकरू जित्तं पाहिजे होतं, बस.

आणि त्यांनी आम्हाला श्वास अडलेल्या लेकराच्या तोंडात फुंकायला शिकवलं. आता चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईला फुंकायला शिकवायचं म्हणजे मासोळीला पोहायला शिकवण्यासारखं. आम्ही हसून लोटपोट. ते विहाराच्या ओट्यावर एक शेणाची गोवरी पेटवून बसायचे, तिच्यावर राख साचू द्यायचे आणि आम्हाला एकेक करून पुढं बोलवायचे. "निखारा फुलला पाहिजे आन् राख नाई उडाली पाहिजे." आम्ही फुंकणीच्या सवयीनं छातीतून जोर लावायचो, राख उडून त्यांच्याच मिशांवर बसायची. "छातीतून नको वो माय! छाती तुमची मोठी, लेकराची चिमनीएवढी. फुटून जाइन. गालातली हवा घ्या. गाल फुगवा आन् सोडा, फुगवा आन् सोडा." स्वतः करून दाखवायचे, आणि ते सैल गाल फुगले की बायांना आणखी हसू. सर्वांत जास्त हसायची माझी सासू. पण शिकली. राख न उडवता गोवरी फुलवणारी ती पहिली.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी कापूस चांगला आला. माझ्या धाकट्या जावेला तेव्हा मुलगा झाला होता. तिचं पहिलं पोटातच गेलेलं. दुसऱ्या वेळी ती नऊ महिने कुणाशी नीट बोललीसुद्धा नाही, बोललं तर हेही जाईल असं तिला वाटायचं. हे झालं तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. हे लेकरू गेलं असतं तर ती बाई राहिली नसती, हे आम्हाला साऱ्यांना माहीत होतं.

आणि अशा घरात अबोला. सासू आणि धाकटी जाऊ, पाटा कुणी धुतला नाही यावरून. एका चुलीवर दोघी, पण बोलायचं माझ्यामार्फत. सासू मला सांगायची, "सांग तिले, पानी संपलं." जाऊ दोन हातांवर बसलेली असायची, तरी मी सांगायचं, "पानी संपलं." ती म्हणायची, "सांगा त्याईले, आनून राह्यली." मला हसू यायचं. घरोघरी असंच असतं.

त्या दिवशी मला हिवताप भरला. मी आतल्या खोलीत गोधड्या घेऊन पडलेली. जावेनं पहाटे लेकराला अफू लावली आणि वेचणीला गेली. सासूला सांगणारी मी, तर मी तापात. उन्हं वर आली आणि लेकरू रडायला लागलं, दात येत होते त्याला. सासूला वाटलं, आज हिनं लावलीच नाही. तिनं लावली.

पोंगा वाजला. गाव रडायला लागलं. माझ्या डोक्यात घण पडल्यासारखं होत होतं. तो थांबला आणि जरा वेळानं अंगणात पावलं वाजली. पोंगेबाबा दारात होते, चप्पल न काढता.

"लेकरू कुठं हाये?"

"झोपलं हाये," सासू म्हणाली. "आज लय गुनी झोपलं."

गुनी हा शब्द ऐकला आणि ते आत शिरले. मी उठून भिंत धरत आले. पाळण्यातून काढलं तर लेकराची मान ओल्या फडक्यासारखी. ओठ जांभळे. बाबांनी पापणी वर केली, डोळ्यातली काळी बाहुली मोहरीपेक्षा बारीक. टाचेला चिमटा काढला, पण ते रडलं नाही. छाती हलेना, हलेना, आणि मग एकदा हलली. त्यांनी त्याचं नाक-तोंड आपल्या तोंडात घेतलं आणि गाल फुगवून सोडले. लेकराची छाती वर आली.

"बाई, घ्या," ते सासूला म्हणाले, आणि बाहेर जाऊन पोंग्याचे तुटक तुटक आवाज काढले. वेचणीला न गेलेल्या बाया आल्या, कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या कडेवर स्वतःचं. कुणी विचारलं नाही काय झालं. कुणी आपल्या पोराला सडकेवर पळवलं, वाशीमची एस. टी. थांबव म्हणून. सासू ओट्यावर बसून फुंकत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण गालांतली हवा मोजून जात होती. ती दमली की शेजारीण घ्यायची, ती दमली की बाबा. मी पुढं झाले तर त्यांनी हात आडवा केला. "तुह्या अंगात ताप हाये. तू त्याचं नाव घेत राय, तळपाय घासत राय."

एस. टी. खच्चून भरलेली होती, तरी लेकरू घेतलेली सासू, शेजारीण आणि तापातली मी आत चढलो. ड्रायव्हरनं एकदा मागं बघितलं आणि गिअरचा दांडा ओढला. बाबा पायरीवर उभे राहिले, एक हात दांडीला, एका हातानं बाजा. अनसिंगचा बाजार होता, सडकेवर बैलगाड्याच गाड्या. ते वाजवायचे आणि गाड्या बाजूला व्हायच्या. अनसिंग आलं, थांबा आला, आणि गाडी थांबली नाही. उतरणारे कितीतरी होते, कुणी हूं की चूं केलं नाही. गाडीत एक जैन शेठजी होते, मांडीवर कापडाचं गाठोडं, त्यांचं दुकान अनसिंगलाच. कंडक्टर त्यांच्याकडे बघून ओशाळला तर म्हणाले, "चालू द्या हो, दुकान काय पळून जातं?" आणि आपली जागा सोडून सासूला पाय लांब करायला जागा दिली.

अनसिंगच्या पुढं, सडकेच्या कडेलाच, जाऊ वेचत होती. बाबांनी ड्रायव्हरला शेत दाखवलं आणि पोंगा वाजवला. ती ओळीतून उठली. पायरीवरचा लाल कोट तिला दिसला. ओटीतला कापूस न सोडता धावत आली आणि गाडीत चढली. लेकराकडं बघितलं, सासूकडं बघितलं, खाली बसली आणि म्हणाली, "मले द्या."

तिनं गाल फुगवले आणि सोडले. छाती वर आली. पुन्हा सोडले. आणि मग मान वर करून, दोन श्वासांच्या मधल्या वेळात, थेट सासूला म्हणाली, "मी पहाटे देल्ली होती, आत्याबाई. तिळाएवढी."

"माय वो," सासू म्हणाली, "मी बी देल्ली."

पायरीवरून बाबा म्हणाले, "बोलल्या एकदाच्या! आता हेच डॉक्टरले सांगा. आन् फुका, थांबू नका."

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, काय दिलं, केव्हा दिलं, किती. दोघींनी एकाच वेळी सांगितलं. त्यांनी सुई दिली, नळी लावली, आणि लेकरू आमच्या हातून त्यांच्या हातात गेलं. म्हणाले, श्वास तुम्ही इथवर आणला, आता आम्ही बघतो. मी जे बघितलं ते मला आजही खरं वाटत नाही. आम्ही देव मानत नाही. पण अशिक्षित बायांच्या तोंडातली हवा एका मेल्यात जमा लेकराला गावापासून वाशीमपर्यंत घेऊन आली, आणि ती त्यांच्या गालांत एका खुळ्या म्हाताऱ्यानं भरून ठेवली होती, हे आठवलं की माझी मान आपोआप खाली जाते.

पुढं गावात एक रीत पडली. ज्या बाईनं अफू लावली तिनं लेकराच्या डाव्या तळपायाला काजळाचं बोट लावायचं. बोट दिसलं की दुसरीनं हात लावायचा नाही. घरात अबोला असो, दावा असो, कोर्टकचेरी असो, लेकराच्या तोंडात काय घातलं ते वैऱ्यालाही कळलं पाहिजे. हळूहळू बोटं कमी झाली. विहाराच्या मागं दोन म्हाताऱ्या वेचणीच्या दिवसांत लेकरं सांभाळायला बसू लागल्या, आणि परमिटवाल्या म्हाताऱ्याच्या दारात कापूस घेऊन जाणाऱ्या बायाही कमी झाल्या. पण मी दवाखान्यातलं सांगत होते.

त्याच संध्याकाळी लेकरानं डोळे उघडले. बारीकसं कुरकुरलं. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. बाबा खाटेशी मान तिरकी करून उभे. "हा त्याचा सूर नाई," ते म्हणाले. नर्सबाई हसल्या, म्हणाल्या, बाबा, धोका टळला, आता बसा. ते बसले नाहीत. उजाडलं तरी उभेच. पुन्हा कुरकुरलं, पुन्हा त्यांनी मान हलवली. "नाई. अजून खाली हाये." मला तर त्यांचा राग यायला लागला होता. मग चांगलं ऊन आल्यावर लेकराला भूक लागली, आणि जाऊ झंपर सोडेपर्यंतही त्याला दम निघेना. त्यानं असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"हां," पोंगेबाबा म्हणाले. "हा."

आणि ते बाहेर गेले. मी थोड्या वेळानं पाणी घेऊन गेले तर व्हरांड्यात, फरशीवर, लाल कोट अंगात तसाच, भिंतीकडं तोंड करून ते झोपले होते. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. झाडूवाली आली, म्हणाली, डॉक्टर यायची वेळ झाली, उठवा म्हाताऱ्याला. आतून माझी जाऊ, जिचा आवाज चुलीच्या पलीकडं कधी गेला नव्हता, ती लेकरू छातीशी धरून दारात आली आणि म्हणाली, "खबरदार! कोनी उठवाचं नाई त्याईले."

झाडूवाली गुमान दुसऱ्या बाजूनं झाडायला गेली. बाबा हलले नाहीत. व्हरांडा एवढा शांत होता की मला भीती वाटली. मी खाली बसले आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. गरम वारा लागला. जावेनं विचारलं, "हाये नं?" मी म्हणाले, "हाये." तरी मी तिथून उठले नाही. बराच वेळ तशीच बसून राहिले, आणि मधून मधून बोट धरून बघत होते.